सोबत्याचा न्याय

संगणकावरील खेळ म्हटले की वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. परीक्षा तोंडावर आलेली असताना मुलगा पडद्यासमोर बसून तलवारी फिरवतो आहे, हे दृश्य कोणत्याही पालकाला आवडणारे नाही. ही तक्रार अगदीच निराधार आहे असेही नाही. परंतु या खेळांचा एक प्रकार असा आहे की, त्यात नेमबाजीपेक्षा माणसे ओळखण्याला अधिक महत्त्व असते. तो खेळून उठलेली मुले कोणी किती गुण मिळविले यावर बोलत नाहीत. अमुक पात्र वागले ते योग्य की अयोग्य, यावर हमरीतुमरीवर येऊन वाद घालतात. ज्या वादात चूक कोणाची, शिक्षा काय आणि ती देण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न निघतात तो वाद पोरकट म्हणून झटकून टाकता येत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका वादाचा विचार करावयाचा आहे. खेळाचे नाव 'ड्रॅगन एज २'. कॅनडातील एडमंटन शहरातल्या 'बायोवेअर' या कंपनीने तो तयार केला आणि मार्च २०११ मध्ये तो बाजारात आला. त्यातील अँडर्स नावाच्या सोबत्याबद्दल खेळाडूंचे तेव्हापासून दोन तट पडलेले आहेत. एका तटाला तो अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला वीर वाटतो, दुसऱ्याला निरपराधांचा खुनी. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी सर्व माहिती देऊन मगच निर्णयाकडे वळू.

सोबती म्हणजे काय?

या प्रकारच्या खेळात खेळणारा कथेतील एका व्यक्तीची भूमिका घेतो. 'ड्रॅगन एज २' मध्ये ही व्यक्ती म्हणजे हॉक. हॉक हा पुरुष असावा की स्त्री, योद्धा असावा की जादूगार, हे खेळाडूने ठरवायचे. हॉकबरोबर काही सोबती असतात. ते संगणकाने चालविलेले असले तरी निव्वळ प्यादी नसतात. प्रत्येकाला स्वतःची पूर्वकथा, स्वतःची मते आणि स्वतःचा राग असतो. खेळाडू काय बोलतो, कोणाला वाचवितो, कोणाला वाऱ्यावर सोडतो, हे पाहून ते जवळ येतात किंवा दुरावतात. कथा सहा-सात वर्षांचा काळ व्यापते. इतका काळ ज्याच्याबरोबर काढला त्याच्याविषयी खेळाडूच्या मनात आपलेपणा निर्माण होणे स्वाभाविक आहे. परक्याचा न्याय करणे सोपे असते. आपल्याच माणसाचा न्याय करताना हात थरथरतो आणि या वादाची सारी धार तेथेच आहे.

बरेवाईट मोजण्याची जुनी पट्टी

अशा खेळांचे मूळ संगणकापूर्वीचे आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून व बोलून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्रावर त्याच्या वृत्तीचा शिक्का असे. प्रारंभी नियम मानणारा, तटस्थ आणि स्वैर असे तीनच प्रकार होते. १९७८ च्या नियमपुस्तकापर्यंत त्याला चांगला व वाईट ही दुसरी मोजपट्टी जोडली जाऊन नऊ घरांचा तक्ता तयार झाला. बायोवेअरने १९९८ साली काढलेल्या 'बाल्डर्स गेट' मध्ये हाच तक्ता होता. सोबत्याचा तपशील उघडला की तो चांगला की वाईट हे तेथे लिहिलेलेच असे.

ही सोय मोठी होती, पण तिच्यामुळे विचार करण्याचे काम उरत नसे. कपाळावर 'वाईट' अशी चिठ्ठी डकवलेल्या माणसाबद्दल वाद कशाला घालायचा? २००९ च्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' मध्ये कंपनीने ही चिठ्ठी काढून टाकली. सोबत्याला खेळाडूचे वागणे पसंत आहे की नाही, एवढेच आकड्याने दाखविले जाऊ लागले. दुसऱ्या भागात त्यात आणखी एक सुधारणा झाली. मोजपट्टीच्या एका टोकाला मैत्री आली आणि दुसऱ्या टोकाला प्रतिस्पर्धा. सोबत्याची मते पटत नसतानाही त्याच्याशी घट्ट नाते राहू शकते, हे या खेळाने मान्य केले. अँडर्सबद्दलचा वाद यातून शक्य झाला. त्याच्यावर शिक्का मारण्याचे काम खेळाने केले नाही, ते आपल्यावर सोपविले.

कर्कवॉलमधील व्यवस्था

आता ज्या जगात ही कथा घडते तेथील व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. त्या जगात काही माणसे जन्मतः जादूची शक्ती घेऊन येतात. ही शक्ती कोणी मागून घेत नाही. ती श्रीमंताच्या घरात प्रकटते तशीच गरिबाच्या घरातही. परंतु जादूगाराच्या अंगात दुष्ट शक्ती शिरण्याचा धोका असतो आणि तसे झाल्यास गावेच्या गावे उद्ध्वस्त होऊ शकतात. ही भीती काल्पनिक नाही. खेळात ती अनेकदा खरी ठरते.

या भीतीपोटी 'चँट्री' नावाच्या धर्मपीठाने नियम केला आहे. जादूची लक्षणे दिसली की त्या मुलाला आईबापांपासून तोडून 'सर्कल' नावाच्या बंदिस्त वास्तूत ठेवायचे आणि तिच्यावर टेम्प्लर नावाच्या सशस्त्र सैनिकांचा पहारा बसवायचा. कर्कवॉल शहरात ही वास्तू म्हणजे 'गॅलोज', पूर्वी जेथे गुलामांना कोंडले जाई ती जागा. जो जादूगार धोकादायक ठरविला जाईल त्याच्यावर एक विधी करून त्याला 'निश्चल' करता येते. निश्चल झालेला माणूस जिवंत राहतो, काम करतो, विचारले तर उत्तरही देतो. परंतु त्याला स्वप्न पडत नाही, राग येत नाही, प्रेम वाटत नाही. एखाद्याचे मनच काढून घेण्यासारखी ही शिक्षा आहे.

कर्कवॉलमध्ये टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथ ही कठोर स्त्री आहे आणि कथा पुढे सरकते तसा तिचा संशय वेडाच्या थराला जातो. सर्कलचा प्रमुख जादूगार ओर्सिनो तिच्याशी झगडत असतो. दोघांच्या वर धर्मपीठाची अधिकारी एल्थिना आहे. ती वृद्ध आहे, शांत आहे, दोघांनाही चुचकारते. पण निर्णय देत नाही.

जन्माने मिळालेल्या गोष्टीसाठी माणसाला आयुष्यभर कोंडणे हा अन्याय आहे, याबद्दल वाचकांच्या मनात संदेह राहू नये. धोका खरा असला तरी त्यावरचा उपाय अन्याय्य असू शकतो.

अँडर्सची वाटचाल

अँडर्स हा सर्कलमधून अनेक वेळा पळालेला जादूगार. २०१० मध्ये निघालेल्या 'अवेकनिंग' या पुरवणी भागात तो प्रथम भेटतो तेव्हा थट्टेखोर, मांजर बाळगणारा, स्वतःच्या सुटकेपलीकडे फारसे न पाहणारा तरुण असतो. त्याच भागात 'जस्टिस', म्हणजे न्याय, या नावाचा एक आत्मा भेटतो. परलोकातून तो एका मृत योद्ध्याच्या देहात अडकलेला असतो. पुढे अँडर्स या मित्राला स्वतःच्या देहात जागा देतो. हेतू चांगला असतो. परंतु अँडर्सच्या मनात साचलेल्या संतापाची बाधा त्या आत्म्याला होते आणि न्यायाचे रूपांतर सूडात होते.

दुसऱ्या भागात तो कर्कवॉलच्या पोटातील अंधाऱ्या वस्तीत निर्वासितांसाठी मोफत दवाखाना चालविताना आढळतो. तो दवाखाना दिखाऊ नाही. ज्यांना कोणी वाली नाही अशांच्या जखमा तो रात्रंदिवस बांधतो. हॉकशी त्याची ओळख होते ती कार्ल नावाच्या मित्राला सोडविण्याच्या प्रसंगातून. रात्री धर्मपीठाच्या इमारतीत कार्लला भेटायचे ठरते. पण तो सापळा असतो. कार्लला आधीच निश्चल केलेले असते. अँडर्सच्या अंगातील आत्मा जागा झाल्यावर कार्ल क्षणभर भानावर येतो आणि पुन्हा त्या शून्यात जाण्यापेक्षा मरण द्या, अशी विनवणी करतो. हा प्रसंग पाहिल्यानंतर अँडर्सचा राग खोटा आहे असे कोणीही म्हणणार नाही.

दुसऱ्या अंकात आणखी एक घटना घडते. आल्रिक नावाचा टेम्प्लर सर्वच जादूगारांना निश्चल करण्याची योजना मांडतो आहे, असा अँडर्सला सुगावा लागतो. तो हॉकला घेऊन भुयारात जातो. तेथे आल्रिक एका पळालेल्या मुलीला धमकावीत असतो. अँडर्सच्या अंगातील सूड उसळतो आणि आल्रिक मारला जातो. मात्र घाबरलेली मुलगी जेव्हा अँडर्सलाच दैत्य म्हणते, तेव्हा तो तिच्यावरही धावून जातो. खेळाडूने योग्य शब्दांत आवरले तर ती वाचते, नाही तर जिला सोडवायला गेला तिचाच जीव त्याच्या हातून जातो.

आल्रिकच्या कागदपत्रांवरून एक गोष्ट उघड होते. ती योजना मेरेडिथनेही फेटाळली होती आणि धर्मपीठाच्या सर्वोच्च प्रमुखानेही. विरोधक सगळे एका माळेचे मणी नाहीत, हा पुरावा अँडर्सच्या हातात होता. त्याला त्याचा धक्काही बसतो, परंतु त्याची वाट बदलत नाही.

स्फोट

तिसऱ्या अंकात अँडर्स हॉककडे मदत मागतो. आपल्यातून जस्टिसला वेगळे काढणारे औषध करायचे आहे, त्यासाठी काही खनिजे हवीत, असे तो सांगतो. हॉक मित्र म्हणून ती गोळा करू लागतो. मग तो आणखी एक विनंती करतो : धर्मपीठाच्या इमारतीत जाऊन एल्थिनाला थोडा वेळ बोलण्यात गुंतवून ठेव, मी काय करणार ते विचारू नकोस.

औषधाची गोष्ट खोटी असते. पुढे एके दिवशी मेरेडिथ आणि ओर्सिनो भर रस्त्यात भांडत असतात. ओर्सिनो हा तंटा एल्थिनासमोर नेण्याची भाषा करतो. नेमक्या त्या वेळी अँडर्स पुढे येतो, आता तडजोड शक्य नाही असे बजावतो आणि धर्मपीठाची इमारत सर्वांच्या डोळ्यांदेखत उडते. एल्थिना आणि आत असलेली माणसे ठार होतात.

मेरेडिथ तत्काळ सर्कलच्या उच्छेदाचा आदेश देते. गॅलोजमधील प्रत्येक जादूगार, मग तो म्हातारा असो वा शिकाऊ पोर, मारून टाकायचा. स्फोटाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. धर्मपीठाच्या नियमाप्रमाणे अशा उच्छेदाला परवानगी देणे किंवा नाकारणे एल्थिनाच्या पदाकडे असते. ती तर आता हयात नाही. 'नाही' म्हणू शकणारी व्यक्तीच अँडर्सने नाहीशी केलेली आहे.

खेळाडूने मदत केली असो वा नाकारली असो, स्फोट टळत नाही. त्याच्या हातात फक्त त्यानंतरचे असते. अँडर्स एका पेटीवर पाठमोरा बसून निर्णयाची वाट पाहतो. त्याला मारायचे, हाकलायचे की बरोबर ठेवायचे?

बचाव पक्षाचे म्हणणे

अँडर्सच्या बाजूने जे सांगितले जाते ते हलके नाही. पहिला मुद्दा असा की, सर्व शांत मार्ग वापरून झाले होते. तो पत्रके लिहीत होता, पळणाऱ्यांना मदत करीत होता. वर्षे लोटली तरी गॅलोजची एक वीटही हलली नाही. दुसरा मुद्दा असा की, एल्थिनाची तटस्थता ही तटस्थता नव्हतीच. बलवान आणि दुर्बल यांच्यामध्ये जो नुसता उभा राहतो तो बलवानाच्याच उपयोगी पडतो. तिच्याजवळ अधिकार होता आणि तिने तो वापरला नाही. तिसरा मुद्दा, मेरेडिथ आज ना उद्या हेच करणार होती. चौथा मुद्दा, अँडर्स एकटा नव्हता. त्याच्या अंगात सूड होता, म्हणून जबाबदारी त्याची एकट्याची नव्हे.

यांपैकी दुसरा मुद्दा मान्य केलाच पाहिजे. अधिकार असून गप्प बसणे हाही दोष आहे. पण तो दोष मृत्युदंडाचा नव्हे, आणि एल्थिनाबरोबर मेलेल्यांचा तर तोही दोष नव्हता. तिसऱ्या मुद्द्याविषयी एवढेच म्हणता येईल की, उद्या दुसरा कोणी घर जाळणार होता म्हणून आज आपण काडी लावली, हा युक्तिवाद कोणत्याही पंचांपुढे टिकणार नाही.

चौथ्या मुद्द्याकडे बारकाईने पाहावे. भुयारात त्या मुलीवर तो धावून गेला तेव्हा ती क्षणाची झडप होती. त्या वेळी 'माझे भान गेले' असे म्हणण्यास जागा होती. स्फोटाची गोष्ट तशी नाही. त्यासाठी साहित्य ठरवावे लागले, मित्राला सांगायची गोष्ट रचावी लागली, त्याच्याकरवी साहित्य मिळवावे लागले, वेळ साधावी लागली. हे भान गेलेल्याचे काम नाही. शिवाय मेरिल नावाची दुसरी सोबतीण दुष्ट शक्तीशी व्यवहार करते म्हणून हाच अँडर्स तिला सतत बोल लावतो. धोका त्याला चांगला कळत होता. दुसऱ्याच्या बाबतीत कळत होता, स्वतःच्या बाबतीत त्याने डोळेझाक केली.

जखम तीच, निष्कर्ष दुसरा

येथे आणखी एका सोबत्याची साक्ष काढली पाहिजे. त्याचे नाव फेन्रिस. हा टेव्हिंटर नावाच्या देशातील गुलाम. त्या देशात जादूगार कोंडलेले नाहीत. तेच राज्यकर्ते आहेत आणि गुलामही तेच बाळगतात. डॅनारियस नावाच्या त्याच्या जादूगार मालकाने एक दाहक द्रव्य त्याच्या कातडीत भरून त्याला शस्त्र बनविले. त्या यातनेत त्याची पूर्वीची सारी आठवण पुसली गेली. असा हा फेन्रिस जादूगारांच्या स्वातंत्र्याचे नाव काढताच भडकतो.

म्हणजे पाहा, सोबत्यांमध्ये दोन माणसे आहेत, दोघेही पोळलेले. एक म्हणतो, जादूगारांना मोकळे करा. दुसरा म्हणतो, त्यांना बांधूनच ठेवा. दोघांच्याही जखमा खऱ्या आहेत. दोघेही आपले सोबती आहेत. मग कोणाचे खरे मानायचे? ज्याने अधिक सोसले त्याचे, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. सोसण्याने माणसाला बोलण्याचा अधिकार मिळतो, त्याचे ऐकून घेणे इतरांचे कर्तव्य ठरते. परंतु त्याचा प्रत्येक निष्कर्ष त्यामुळे बरोबर ठरत नाही. फेन्रिस सर्व जादूगारांना डॅनारियसच्या मापाने मोजतो आणि अँडर्स सर्व धर्मपीठाला आल्रिकच्या. चूक दोघांची एकच आहे.

खरा दोष कोठे?

या वादात सहसा दोनच बाजू उभ्या केल्या जातात. एका बाजूला अँडर्स, दुसऱ्या बाजूला मेरेडिथ. हिंसा योग्य की अयोग्य, असा खल चालतो. तो चालावा. पण माझ्या मते अँडर्सचा सर्वांत मोठा दोष त्याच्याही अलीकडचा आहे.

गॅलोजमध्ये कोंडलेल्या जादूगारांना अँडर्सने विचारले होते काय?

ज्यांच्या नावाने त्याने हे केले ते कुलूपबंद होते. तो बाहेर होता. त्याला पळून जाण्याची वाट होती. स्फोटानंतर पहिली तलवार कोणावर पडणार हे त्याला ठाऊक होते. किंबहुना ती पडावी, म्हणजे जगातील प्रत्येकाला बाजू घ्यावी लागेल, हाच त्याचा हिशेब होता. लढा हवा की नको, आत्ता हवा की नंतर, कोणत्या किमतीला हवा, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांना किंमत मोजायची होती त्यांचा होता. सुक्याबरोबर ओलेही जळते असे आपण म्हणतो. येथे तर ओले जळावे म्हणूनच सुक्याला आग लावली गेली. स्फोट पाहून ओर्सिनोच्या तोंडून आभार निघत नाहीत, आक्रोश निघतो, याचे कारण हेच आहे.

खेळाच्या काही मार्गांनी गेल्यास हॉकची धाकटी बहीण बेथनी हिलाही टेम्प्लर घेऊन गेलेले असतात आणि उच्छेदाचा आदेश निघतो तेव्हा ती गॅलोजमध्येच असते. ज्या मित्राने घराला घर मानले, त्याने घरच्या मुलीचा जीव पणाला लावला आणि घरात एका शब्दाने सांगितले नाही. ज्यांनी बेथनीच्या बाबतीत हे अनुभवले त्या खेळाडूंना निव्वळ युक्तिवादाने समजावणे कठीण जाते, आणि ते योग्यच आहे.

टेम्प्लर जादूगारांना काय म्हणत होते? तुमच्या भल्याचे आम्हाला कळते, तुम्ही गप्प राहा. अँडर्सने वेगळे काय केले? त्याचा हेतू उलट होता, ही गोष्ट खरी. पण आत कोंडलेल्यांच्या वतीने, त्यांना न विचारता, त्यांच्या आयुष्याचा निर्णय बाहेरच्याने घेतला, ही रीत तीच होती. हॉकशीही तो तसाच वागला. मित्राला खरे सांगितले असते तर मित्र 'नाही' म्हणाला असता, म्हणून त्याने मित्राचा 'नाही' म्हणण्याचा अधिकारच काढून घेतला. ओझे वाहणाऱ्याला ओझ्यात काय आहे ते सांगितले पाहिजे, एवढीही बूज त्याने राखली नाही.

साध्य आणि साधन यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झालेला आहे. शुद्ध साध्यासाठी अशुद्ध साधन चालेल काय, असा तो प्रश्न असतो. अँडर्सच्या उदाहरणावरून त्यात एका प्रश्नाची भर घालावीशी वाटते : ज्यांच्यासाठी साध्य, त्यांनाच साधन करून टाकले तर साध्य उरते कोणासाठी?

मग शिक्षा काय?

सेबॅस्टियन नावाचा धर्मपीठाशी बांधलेला सोबती तेथेच अँडर्सच्या मृत्यूची मागणी करतो. ती न मानल्यास तो साथ सोडतो आणि सैन्य घेऊन शहरावर परत येण्याची प्रतिज्ञा करतो. म्हणजे एका सूडातून दुसरा सूड अंकुरताना आपल्यासमोर दिसतो. पाठमोऱ्या बसलेल्या माणसाला सुरी मारणे हा न्याय आहे असे मला वाटत नाही. तेथे ना चौकशी आहे, ना बचाव, ना मृतांच्या नातलगांचे म्हणणे. खुद्द अँडर्सलाही मरण हवेच आहे. मेला म्हणजे हुतात्मा होता येते आणि उत्तरे द्यावी लागत नाहीत.

हाकलून देणे हाही सुटकेचाच मार्ग आहे, त्याच्या आणि आपल्याही. डोळ्यांआड झाला की प्रश्न संपला असे आपण समजतो.

उरला तिसरा मार्ग. त्याला बरोबर ठेवावे. पण माफ करून नव्हे. ज्यांच्यावर त्याने हे संकट ओढवले त्यांच्यासमोर त्याला उभे करावे आणि त्यांना वाचविण्याच्या कामी त्याला जुंपावे. तो वैद्य आहे. त्या रात्री गॅलोजमध्ये जखमींची वाण पडणार नाही. हा मार्गही पुरेसा आहे असे नाही. त्याचे शासन ठरविण्याचा अधिकार वाचलेल्या जादूगारांचा आणि मेलेल्यांच्या आप्तांचा होता आणि खेळात ती पंचायत कधी बसतच नाही. पुढील भाग 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन' २०१४ मध्ये आला तेव्हा जादूगार आणि टेम्प्लर यांच्यात जगभर युद्ध पेटलेले असते. सर्कलच्या भिंती फुटल्या, हे खरे. म्हणून काही जण म्हणतात, अँडर्सच जिंकला. पण कर्कवॉलच्या भिंतीआड जे मारले गेले त्यांना ही मोकळीक उपभोगता आली नाही. त्यांचा हिशेब मांडल्याशिवाय जमाखर्च पुरा होत नाही.

विद्यार्थी मित्रांना

विद्यार्थी मित्रांनो, हा सारा खटाटोप एका काल्पनिक जादूगारासाठी कशाला, असे कोणी विचारील. अन्यायाची चीड येणे ही तरुणपणाची उत्तम खूण आहे. ज्याला ती येत नाही त्याच्याकडून समाजाने कशाची आशा करावी? अँडर्सची चीड विझवावी असे या लेखाचे सांगणे मुळीच नाही. त्याचा दवाखाना, त्याने लपविलेले पळपुटे, कार्लसाठी त्याने घेतलेला धोका, या सर्वांत तीच चीड होती आणि तेथे तिने माणसे वाचविली. फरक एवढाच की, दवाखान्यात तो समोरच्या माणसाला 'कोठे दुखते?' असे विचारीत असे. पुढे पुढे त्याने विचारणे सोडून दिले.

तेव्हा सोबत्याचा न्याय करताना त्याचा पक्ष कोणता, त्याने किती सोसले, तो आपल्याशी किती गोड बोलतो, एवढ्यावर थांबू नये. त्याने कोणाचा जीव पणाला लावला, लावण्यापूर्वी त्याला विचारले काय आणि आपल्याला खरे सांगितले काय, हे तीन प्रश्न विचारावेत. हीच कसोटी पुढाऱ्याला लावता येते, संस्थेच्या कार्यकारिणीला लावता येते, आणि ज्या दिवशी आपण स्वतः दुसऱ्याच्या वतीने बोलायला उभे राहतो त्या दिवशी स्वतःलाही लावता येते.

आणि पालकांना एक विनंती. मुले अशा खेळावरून वाद घालीत असतील तर संगणक बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे ऐकावे. अभ्यासाची वेळ झाली असेल तर ती पाळावी लागेलच. पण उठता उठता त्यांना एवढे जरूर विचारावे, की त्या कोंडलेल्या माणसांचे म्हणणे काय होते?